एक पट्टी वर

गाण्याची पट्टी बसवायचं काम बुऱ्हाणपुरात माझ्याइतकं कुणाला जमत नाही. यात बढाई काही नाही. गावात हेवी मेटल वाजवणारा बँडच एक, त्यात आम्ही तिघं, आणि उरलेल्या दोघांना आवाज जितका मोठा तितकं गाणं चांगलं असं वाटतं. निलेश गिटार वाजवतो, फोपनारला त्याच्या घरची केळीची बाग आहे. जीवन ड्रम वाजवतो, एरवी कापडाच्या दुकानात बसतो. मी सागर, शाळेत गणित शिकवतो, दुसरी गिटार वाजवतो, आणि गेल्या गणपतीपर्यंत दहा वर्षं गातही होतो. बेस वाजवायला कुणी मिळालंच नाही.

तालमीला आमची जागा नामी आहे. निलेशच्या काकांची केळी पिकवायची जुनी खोली. नवीन गोदाम झाल्यावर ती रिकामी पडली. भिंती हातभर जाड, दार बंद केलं की बाहेर उभ्या माणसाला आत ड्रम वाजतोय हे कळतसुद्धा नाही. पिकल्या केळीचा वास मात्र अजून गेलेला नाही. दर रविवारी सकाळी आम्ही त्या वासात चार तास बसायचो.

परदेशातल्या ज्या बँडांची गाणी आम्ही वाजवतो, त्यांचे गायक फार वर गातात. तो सूर साध्या माणसाच्या आवाक्यातला नाही, माझ्या तर नाहीच नाही. मग गाणं आपल्या गळ्याच्या मापाचं करून घ्यावं लागतं. गिटारच्या सगळ्या तारा सारख्या ढिल्या करायच्या, की अख्खं गाणं खाली येतं. पेटीवर बोटं एकेक पट्टी डावीकडे सरकवावीत तसं. माझ्यासाठी मी प्रत्येक गाणं चार पट्ट्या उतरवायचो. तरीही एखादी ओळ पोचलीच नाही, तर ती गिटारला द्यायची आणि आपण तोंड मिटून केस उडवायचे. दहा वर्षं लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूळ गाण्यातली किंकाळी कुठे गेली, हे एकानेही विचारलं नाही.

मग तृप्ती आली.

ती लोधीपुऱ्यातली, आमच्याच आळीतली. चोवीस-पंचवीस वर्षांची, विम्याच्या ऑफिसात कामाला. आळीतल्या भजनी मंडळात लहानपणापासून गाते. गणपतीत निलेशनं तिचं भजन ऐकलं आणि तिच्या स्कूटीशेजारी उभा राहून तिच्या इअरफोनमधलं गाणंही ऐकलं. ते भजन नव्हतं. तिच्या मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा जास्त मेटल निघालं. निलेश पुढच्याच रविवारी तिला घेऊन आला, "मागून साथ देईल, बस" असं म्हणत.

आम्ही ज्याला विहीरवालं म्हणतो ते गाणं चाललं होतं. त्याचं नाव लांबलचक आहे, पण गिटार पायऱ्या उतरत खाली जाते म्हणून आम्ही ते नाव पाडलंय. शेवटी एक किंकाळी आहे, ती मी नेहमीसारखी गिटारला दिली आणि केस उडवले. केस उडवून मान वर केली, तर ती किंकाळी खोलीत होती. तृप्ती हात मागे बांधून, भजनात उभी राहते तशी सरळ उभी होती आणि मी दहा वर्षं टाळलेली ओळ गात होती.

जीवननं काठ्या खाली ठेवल्या. निलेश म्हणाला, "अरे भाऊ! ये तो एकदम ओरिजिनल लगता है!"

मला आनंद झाला, असं मी तेव्हा म्हणालो. खोटं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिच्या केसांना तेल आहे, ही स्टेजवर कशी दिसेल. चौतीस वर्षांचा मास्तर, आणि विचार हा.

दोन रविवारांत निकाल लागला. निलेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "सागर, बुरा मत मान. डिसेंबरमध्ये इंदूरचा शो आहे, आपला पहिला बाहेरचा. ती गाऊ दे. तू गिटार सांभाळ अन् तिच्यासाठी गाण्याच्या पट्ट्या बसव. वो काम तेरे जैसा कोई नहीं करता." स्तुती करून खाली बसवणं कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं. इंदूरचा शो मी मिळवला होता. तिथल्या कॅफेवाल्याला आठ महिने मी मेसेज केले होते.

"बुरा क्या मानना," मी म्हणालो, आणि माझी वही काढली.

या वहीत प्रत्येक गाण्याचं एक पान आणि गायकाचं एक पान. गायकाच्या पानावर त्याची वरची हद्द लिहायची, मग गणित मांडायचं. दहा वर्षं त्या वहीत गायक एकच होता. मी नवीन पान काढून वर 'तृप्ती' लिहिलं आणि विचारलं, "वर कुठपर्यंत जाते तू? न ताणता."

"वरच्या काळी दोनपर्यंत, दादा," ती म्हणाली. "काल मंडळात जाऊन पेटीवर बघून आली मी. काळी दोनला एकदम मोकळा लागतो. त्याच्या वर जीव लावावा लागतो."

मी पेन उचललं आणि थांबलो. कारण मंडळाच्या त्या पेटीची गोष्ट आळीत मला एकट्याला ठाऊक होती.

माझे वडील अण्णा, म्हणजे दिगंबर मास्तर, त्या मंडळाचे मुख्य गायक. आयुष्यभर काळी चारमध्ये गायले आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान. "दिगंबर काळी चारच्या खाली बसत नाही," असं आळीत म्हटलं जायचं. साठीला आले तसा आवाज खाली आला. दुसरा कुणी असता तर एक पट्टी खाली गायला असता. अण्णांनी मला हाताशी घेतलं, मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि पेटी दुरुस्तीच्या नावाखाली आम्ही दोघं ती खंडव्याच्या एका कारागिराकडे घेऊन गेलो. बसमध्ये पेटी माझ्या मांडीवर. तिथे अण्णांनी पेटीचे सगळे सूर घासून बरोबर एक पट्टी खाली करून घेतले. आता बोट काळी चारवर ठेवायचं आणि सूर निघायचा पांढरी पाचचा. मंडळाला कधी कळलं नाही. मंडळात सूर पेटीच सांगणार, पेटीला चूक कोण सांगणार! अण्णा मरेपर्यंत काळी चारमध्ये गायले. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "कुणाला बोलायचं नाही."

म्हणजे हिशेब सरळ होता. तृप्तीची काळी दोन ही खरी पांढरी दोन होती. त्या पेटीवरून सांगितलेला तिचा प्रत्येक सूर एक पट्टी फुगलेला होता. मला एवढंच म्हणायचं होतं, "थांब, ती पेटी उतरलेली आहे, मोबाइलवर बघू." तोंड उघडलंही होतं मी, देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात मागून जीवन निलेशला म्हणाला, "आता खरं मेटल होईल यार. इतकी वर्षं आपण कॅसेट हळू चालवून राहिलो होतो."

मी तोंड मिटलं आणि वहीत लिहिलं : काळी दोन.

सगळी गाणी मी त्याच हद्दीला बसवली. मूळ गाण्यापासून दोन पट्ट्या खाली आणायला हवी होती, ती एकच आणली. गिटार मी मोबाइलच्या ट्यूनरवर लावली, अगदी काट्यावर. कुणी तपासलं असतं तरी चूक सापडली नसती. वहीत जे लिहिलं तेच वाजत होतं, आणि वहीत जे लिहिलं ते तिनंच सांगितलं होतं. गणिताच्या मास्तरानं गुन्हा करावा तर असा.

खरं सांगतो, मला वाटलं होतं की ती पहिल्याच दिवशी फाटेल. एकदा सगळ्यांसमोर आवाज फाटला की निलेशचा ओरिजिनलचा ताप उतरेल, मग मी मोठ्या मनानं तिला समजावीन. पण ती फाटली नाही. तिनं तो एका पट्टीचा चढ दर रविवारी चढून दाखवला. गळ्याच्या शिरा दिसायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, आणि सूर लागायचा. निलेश आणि जीवनला तो ताणच आवडायला लागला. मला ती न फाटण्याचाही राग येऊ लागला. एखाद्याला किती द्यावं देवानं!

दिवाळी झाली. शाळेत वर्गात फळ्यावर गणित लिहिताना माझ्या डोक्यात तीच गायची. रस्त्यात तिची स्कूटी दिसली की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. आई एकदा म्हणाली, "तुझ्या अण्णांनंतर आळीत गळा झाला तो तृप्तीचा," आणि मी जेवणाच्या ताटावरून उठलो. तिला वाटलं भाजी खारट झाली.

ती मात्र ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून यायची, गरम पाण्याची बाटली आणायची, आणि मला 'दादा, दादा' करायची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा तालीम संपल्यावर दाराशी थांबली. निलेश, जीवन बाहेर गेले होते.

"दादा, एक विचारू? विहीरवालं एक पट्टी खाली केलं तर? मला वाटते मी कमी पडून राहिली."

खरं सांगायचा हा दुसरा दरवाजा होता. पहिला मी चुकून बंद केला असं कुणी म्हणू शकेल. दुसरा मी कडी लावून बंद केला. म्हणालो, "हे मेटल आहे तृप्ती, भजन नाही. यात ताण दिसायलाच पाहिजे. आरामात गायचं असेल तर मंडळ आहेच."

तिचा चेहरा उतरला. मग मान हलवून म्हणाली, "बरोबर आहे, दादा. माझीच सवय नाही."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. तीन आठवड्यांनी एका रविवारी ती गायला उभी राहिली आणि तोंडातून नुसती हवा आली. सूर नाही, खरखर नाही, हवा. ती स्वतःच दचकली. गळ्याला हात लावून पुन्हा बघितलं, पुन्हा हवा. निलेश तिला गाडीवर घालून डॉक्टरकडे घेऊन गेला. गळ्याच्या पडद्यांना सूज आहे, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टर म्हणाले, हे निलेशनं फोनवर सांगितलं. इंदूरच्या शोला तेरा दिवस होते.

"सागर," तो पुढे म्हणाला, "अब तू ही है. गाशील ना?"

मी गंभीर आवाजात "बघू, प्रयत्न करतो" म्हणालो. फोन ठेवला, चौकात गेलो आणि पाव किलो मावा जिलेबी घेतली. आईनं विचारलं कशाची, तर म्हणालो सहज. चार जिलेब्या मी उभ्यानेच खाल्ल्या. वाईट वाटलं का? वाटलं. पण जिलेबी गोड लागली, हे लपवून काय उपयोग.

पुढच्या रविवारी मी गिटारच्या तारा माझ्या जुन्या मापाला ढिल्या करत होतो, चार पट्ट्या, तेव्हा खोलीचं दार ढकलून तृप्ती आत आली. गळ्याभोवती मफलर. तिनं सगळ्यांना हात केला आणि माझ्यासमोर दोन कागद ठेवले. स्वच्छ अक्षर, लाल आणि निळं पेन. मग मोबाइलवर टाइप करून पडदा माझ्याकडे वळवला.

'दादा, तुमची सगळी जुनी रेकॉर्डिंग ऐकली. सहा वर्षांची. ऑफिसमधून येऊन मंडळात पेटीवर बसत होती. तुम्ही चार पट्ट्या उतरवता म्हणून तारा लोंबतात आणि गाण्यातला जोर जातो. दोनच उतरवा. जिथे तुम्ही ओळ गिटारला देता तिथे मी ओळ थोडी वळवली आहे. तुमचा आवाज काळी तीनला फार सुंदर लागतो. सगळं तिथेच आणून ठेवलं आहे. एकही ओळ सोडायची गरज नाही.'

मी कागद वाचला. एकदा, दोनदा. जिथे मूळ गायक वर झेप घेतो तिथे तिनं मला खालून गोल फिरवून आणलं होतं, आणि झेप माझ्या आवाजाच्या सगळ्यात चांगल्या जागेवर संपत होती. पाचही गाण्यांत. दहा वर्षं मी माझ्या आवाजासाठी गाणी कापत बसलो होतो, आणि हिनं आठवड्याभरात, तोंडातून शब्द न काढता, माझा आवाज गाण्यात बसवला होता. पट्टी बसवण्यात गावात पहिला नंबर! मला वाटलं होतं हिच्याकडे फक्त गळा आहे. गळा गेला म्हणजे माझं मला परत मिळालं. आता कळलं, की माझं म्हणून जे उरलं होतं तेही हिला माझ्याहून बरं येतं. त्या क्षणी मी तिचा जितका द्वेष केला तितका ती गात असतानाही केला नव्हता.

"वा," निलेश कागदावर वाकून म्हणाला. "चल, तारा लाव. काळी तीन म्हणजे मोबाइलवर कुठं येते?"

मी सांगितलं. आम्ही दोघांनी गिटारी तिच्या कागदाप्रमाणे, ट्यूनरच्या काट्यावर लावल्या. आणि विहीरवालं सुरू केलं.

पहिली कडवी छान गेली. तारांत खरंच जोर आला होता. मग ती वळवलेली ओळ आली. मी खालून गोल आलो, वर पोचलो, आणि फाटलो. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी डोळे मिटून, मूठ आवळून घेतलं, तर कोंबडं आरवावं तसा आवाज निघाला. जीवन हसला. तृप्ती हसली नाही. ती कपाळाला आठ्या घालून कागद बघत होती, आपलं कुठे चुकलं ते शोधत.

मला कारण पहिल्याच वेळी कळलं होतं. तिनं माझा आवाज त्याच पेटीवर मोजला होता. तिची काळी तीन म्हणजे खरी पांढरी चार. मीसुद्धा आता एक पट्टी वर टांगलेला होतो, बरोबर तेवढाच, जेवढी ती दोन महिने होती. गप्प बसून "आज घसा बरा नाही, एक पट्टी खाली घेऊ" म्हणालो असतो तर काम भागलं असतं. तेच म्हणणार होतो.

पण निलेशला धीर नव्हता. "क्या यार सागर," तो म्हणाला. "ती बाई दोन महिने वर टांगून गात राहिली, कधी कुरकूर नाही केली. तुझ्या तर एकदम मापाचं बनवून आणलं तिनं, तेही नाही लागत? तेरे बस का नहीं है, बोल दे ना."

तिच्यासमोर म्हणाला. ती ऐकत होती. मग माझ्या डोक्यात काय शिरलं देव जाणे.

"माझ्या बस का नाही?" मी ओरडलो. "गळ्याला काही झालेलं नाही माझ्या! पेटी उतरलेली आहे ती! मंडळाची पेटी पुरी एक पट्टी उतरलेली आहे, तिच्यावर मोजलेलं सगळं खोटं येतं! खरी काळी तीन माझ्या हद्दीतच नाही, तर लागेल कशी?"

तिच्या गळ्यासाठी दोन महिने मी जे शब्द गिळले होते, ते माझ्या गळ्यावर आलं तेव्हा एका दमात बाहेर पडले होते.

जीवनला अजून कळलं नव्हतं. त्यानं साधेपणानं विचारलं, "पण पेटी उतरलेली आहे हे तुला कसं माहीत?"

मी म्हणू शकलो असतो, आत्ता गाताना लक्षात आलं. तोंडात तेच आलं होतं. पण तृप्ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा अंगठा मोबाइलवर चालत होता. तिनं पडदा माझ्यासमोर धरला. दोनच शब्द होते.

'कधीपासून माहीत?'

"अण्णांनी उतरवून घेतली होती," मी म्हणालो. "मी कॉलेजात होतो. माझ्या मांडीवर ठेवून नेली होती."

निलेशनं गिटार गळ्यातून काढली. तो गणिताचा नाही, पण एवढं गणित त्याला आलं. काळी दोन, वही, दोन महिने, हवा. त्याच्या चेहऱ्यावर ते एकेक करून चढताना मी पाहिलं. तो काही बोलणार तेवढ्यात तृप्तीनं हात वर करून त्याला थांबवलं.

तिनं पुन्हा टाइप केलं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. बराच वेळ. मग मोबाइल फक्त माझ्यापुढे धरला.

'डॉक्टर म्हणाले वरचे सूर परत येतील की नाही सांगता येत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. इंदूरच्या आधी तुमचं मन खराब होईल म्हणून. मला वाटलं चूक माझी होती.'

मी "तृप्ती" म्हणालो. पुढे काय म्हणणार होतो मला माहीत नाही, आणि तिनं वाटही पाहिली नाही. ती खाली बसली, लाल पेन काढलं आणि माझे दोन्ही कागद मांडीवर घेतले. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. काळी तीन खोडून पांढरी चार. पांढरी तीन खोडून काळी दोन. एकेक सूर एक पट्टी खाली, पाचही गाणी, एकही न चुकता. तिला पेटी लागली नाही. रागानं कागद फाडला असता तर मला बरं वाटलं असतं, एवढं मी कबूल करतो. अक्षर तसंच स्वच्छ होतं.

दुरुस्त केलेले कागद तिनं माझ्या स्टँडवर ठेवले. मग खाली ठेवलेली माझी वही उचलली, पानं उलटत तिचं नाव असलेलं पान काढलं. वर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, काळी दोन. तिनं त्यावर एक आडवी रेघ ओढली. पेन तिथेच टेकवून ठेवलं. मला वाटलं आता पांढरी दोन लिहील. तिनं काहीच लिहिलं नाही. पेनला टोपण लावलं, उघडी वही कागदांशेजारी ठेवली, मफलर सारखा केला आणि दार ओढून गेली. भिंती जाड असल्यामुळे स्कूटी सुरू झाल्याचं ऐकू आलं नाही.

निलेश माझ्याकडे न बघता बराच वेळ तारा उतरवत बसला. एक पट्टी. मीही उतरवल्या. कॅफेवाल्याला होकार गेला होता, पोस्टर लागलं होतं.

"गा," तो म्हणाला.

जीवननं चार ठोके दिले. माझ्यासमोर तिचं पान उघडं होतं, खोडलेली हद्द आणि पुढे कोरी जागा. मी ते पान उलटलं आणि गायलो. सूर पहिल्या फटक्यात लागला.